भावोजींचं लाटणं

आमच्या ताईचं लाटणं एके दिवशी स्वयंपाकघरातून गेलं ते परत आलंच नाही. ताईने ओट्याखाली शोधलं, डब्यांमागे शोधलं, मग माझ्याकडे संशयाने बघितलं. मी काय लाटणं घेऊन पळून जाणार होते? शेवटी मागच्या अंगणात भावोजी उकिडवे बसलेले सापडले. लाटण्याचं एक टोक लोखंडी टाकीला टेकलेलं, दुसरं उजव्या कानाला, आणि डाव्या कानात कापसाचा हा एवढा बोळा. ताईने बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी मान वर न करता नुसता तळहात दाखवला. झालं. लाटणं त्यांचं झालं आणि ताईने स्वतःसाठी दुसरं आणलं.

भावोजी म्हणजे ताईचे यजमान. फुगेवाले. माझे यजमान गेल्यावर मी शिलाई मशीन घेऊन ताईकडे राहायला आले, आणि आल्या दिवसापासून या धंद्याच्या नावाने बोटं मोडत आले. माणसाबद्दल माझी तक्रार नाही. रस्त्यात एखाद्या पोराचा फुगा फुटला की रडं कानावर यायच्या आत त्याच्या हातात दुसरा फुगा. बोलायला तर असे की, एका फुग्याचं गिऱ्हाईक हसत हसत चार फुगे घेऊन जायचं. घरात माझी थट्टा केल्याशिवाय घास गिळायचे नाहीत. "मेहुणीबाई, तुमच्या तोंडाला एक कॉक बसवून देऊ का? लागेल तेव्हा उघडायचा," असं म्हणायचे, आणि ताई पदराआड हसायची. मीही सोडायची नाही. तुमच्या टाकीचा कॉक सांभाळा आधी, म्हणायची.

कारण खरी भीती त्या टाकीचीच होती. आकाशात जाणारा फुगा तोंडाने फुंकून होत नाही, त्यात हलका वायू लागतो. एक न पेटणारा वायू मिळतो म्हणे, पण तो घ्यायचा तर फुगे विकून आमचं पोट भरायच्या ऐवजी फुग्यांचंच पोट भरावं लागेल, असा भावोजींचा हिशेब. म्हणून ते हायड्रोजन घरी करायचे. जुन्या टाकीत पाणी, कॉस्टिक सोडा आणि मोडक्या भांड्यांचे अॅल्युमिनियमचे तुकडे. आत खदखदायला लागतं, टाकी तापते, वायू सुटतो. ठिणगी मिळाली तर पेटतो, बाहेर यायला वाट मिळाली नाही तर टाकी फोडतो. असं घरात करायला कायद्याने मनाई आहे हे त्यांना माहीत होतं, मीही उठताबसता ऐकवत होते. पण दुसरं काही येत नाही हो मला, एवढं म्हणून ते पुन्हा भांडी तोडायला घ्यायचे.

टाकी होती धुण्याच्या दगडापलीकडे. तिथे त्यांनी खड्डा खणला होता, त्यात पाणी, आणि पाण्यात टाकी कमरेपर्यंत. काम सुरू व्हायच्या आधी घरातला स्टोव्ह बंद, सगळ्यांनी पुढच्या खोलीत, आणि टाकी चालू असेपर्यंत भावोजींशी कुणी एक शब्द बोलायचा नाही. एरवी ज्यांचं तोंड बंद होत नाही ते भावोजी तेव्हा मुके व्हायचे. ज्या उस्तादांकडे ते हे काम शिकले, त्यांना एकदा टाकीजवळ कुणीतरी सहज हाक मारली. उस्तादांनी मान वळवून ओ दिली, आणि तेवढ्यात टाकी फुटली. भावोजींनी ते डोळ्यांनी बघितलं होतं. तेव्हापासून हा नियम. लाटण्यातून त्यांना आतली खदखद ऐकू यायची. वायू नीट येतोय, कॉकमध्ये फेस अडकला, की पाणी घालायला हवं, सगळं त्या कानाला कळायचं. सगळं ठीक असलं की ते लाटण्यावरून कान काढून एकच शब्द म्हणायचे. "चाललंय." तो ऐकला की ताई पुढच्या खोलीत भाजी निवडायला घ्यायची आणि मी माझ्या मशीनवर बसायची. इतकी वर्षं आमचं घर त्या एका शब्दावर चाललं.

आता छकुलीचं सांगते. छकुली म्हणजे ताईची एकुलती एक लेक, माझी भाची. लग्न झालं तरी छकुलीच. तिला सातवा महिना लागला होता. डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितलं म्हणून ती माहेरी आली होती. मागच्या खोलीत तिची खाट टाकली होती, तिथे वारा बरा लागतो. त्या खोलीची भिंत म्हणजेच अंगणाची भिंत. टाकी लावायची असली की भावोजी आधी तिला पुढच्या खोलीत आणून बसवायचे. स्वतः उशी घेऊन पुढे चालायचे, मागून ती.

जावई कारखान्यात लेथवर धातू कातायचं काम करतात. माणूस चांगला, कष्टाळू, जरा जास्तच पुढे पुढे करणारा. बायकोला भेटायला आले ते येताना एक गोणी घेऊन. आत लेथवर निघणारा अॅल्युमिनियमचा कीस, केसांसारखा बारीक. बाबांना भांडी तोडत बसावं लागतं, म्हणून कारखान्यात विचारून आणला, म्हणाले. चेहऱ्यावर केवढा आनंद. भावोजींनी मूठभर कीस चिमटीत चोळून बघितला, वा, छान आहे म्हणाले, गोणीचं तोंड बांधलं आणि दाराआड ठेवून दिली.

जावई छकुलीजवळ जाऊन बसले तसे भावोजी आम्हाला हळूच म्हणाले, हे भंगारवाल्याला द्यायचं. हे टाकीत घातलं तर सगळं एकदम पेट घेतल्यासारखं उसळेल, टाकीला दम धरवणार नाही. मी म्हटलं, मग त्यांना सांगा की तसं. तर म्हणे, प्रेमाने ओझं वाहून आणलंय, तोंडावर नको कसं म्हणू? मी सांगते म्हटलं, तर हात जोडले. तुम्ही सांगाल तर ते पुन्हा या घराची पायरी चढायचे नाहीत. ताई हसली, मलाही हसू आलं. आमच्याकडे जावयाला नाही म्हणायची कुणाचीच जीभ रेटत नाही. भावोजी तर त्यांना चुकूनही एकेरी हाक मारायचे नाहीत. जावईबापू, या. जावईबापू, बसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका शाळेच्या समारंभाला फुगे द्यायचे होते, खूप फुगे. भावोजींनी तयारी सुरू केली. छकुलीचा डोळा नुकताच लागला होता. रात्रभर तळमळत होती, मी उठवते थोड्या वेळाने, ताई म्हणाली. भावोजी घुटमळले. खोलीच्या दारात उभे राहून लेकीकडे बघत राहिले. मग टाकी तापायच्या आत तिला पुढे आणा, असं बजावून अंगणात गेले. ताईने जावयांसाठी चहाचं आधण ठेवलं होतं. मी स्टोव्ह बंद केला. ताई माझ्यावर डाफरली, जावई काय रोज येतात का, एक कप तर होऊ दे. मी म्हटलं, जावई आले म्हणून टाकी थांबणार आहे का? त्यावरून आमची चांगलीच जुंपली.

त्या भांडणातून मान वळवली तर खिडकीतून अंगण दिसलं. भावोजी पाठमोरे, नळाखाली बादली भरत होते. डाव्या कानात कापूस, आणि उजव्या कानाशी नळाची धार बादलीत धो धो पडत होती. नेहमीचे तुकडे त्यांनी टाकीत घातले होते, तोंड अजून उघडं होतं. आणि जावई टाकीवर वाकून गोणी उलटी करून झटकत होते.

"अहो, काय घातलंत ते?" म्हणून मी ओरडले, तर ताईने माझ्या तोंडावर हात दाबला. टाकी लागलीय, बोलू नको! इतक्या वर्षांची सवय, तिला दुसरं काही सुचलंच नाही. मी तिचा हात झटकला, पण तेवढ्यात भावोजी वळले होते. जावई बाजूला झाले होते, गोणी त्यांच्या पाठीमागे. भावोजींनी झाकण फिरवून घट्ट बसवलं, कॉकला नळी लावली, आणि लाटणं टाकीला टेकवून कान लावला.

मी दार उघडून अंगणात धावले. जावई माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवायला लागले. त्यांनाही नियम शिकवला होता ना आम्ही! नंतर कळलं की त्यांनी विचारलं होतं. बाबा, यातलं थोडं घालू का, काम लवकर होईल, असं चांगलं दोनदा विचारलं. बाबा बोलले नाहीत. टाकीपाशी बाबा बोलत नाहीत हे त्यांना ठाऊक, नको असतं तर हाताने तरी अडवलं असतं, असं त्यांना वाटलं. कापसाच्या बोळ्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी भावोजींपर्यंत पोचायच्या आधीच त्यांचा चेहरा बदलला. लाटण्यातून काय ऐकलं कुणास ठाऊक, पण रंगच उडाला. त्यांनी टाकीला हाताची मागची बाजू लावली आणि चटकन मागे घेतली. खड्ड्यातल्या पाण्यातून वाफ निघायला लागली होती. कॉक पूर्ण उघडला, तर नळीतून करडा फेस आला, एक गचका, आणि मग काहीच नाही. फेसाने वाट बंद केली होती. टाकी आतून गुणगुणायला लागली. तो आवाज मला लाटण्याशिवाय ऐकू येत होता.

भावोजींनी कानातला बोळा काढून फेकला. मी गोणीकडे बोट दाखवलं. त्यांनी गोणी बघितली, जावयांकडे बघितलं, आणि मग त्यांचे डोळे त्या भिंतीकडे गेले. भिंतीपलीकडे छकुली झोपलेली. ताईने तिला उठवलंच नव्हतं, आमच्या भांडणात राहून गेलं होतं.

जावई पाना उचलून पुढे झाले. मी घातलंय, मी उघडतो झाकण, असं काहीतरी म्हणत त्यांनी झाकणाला हात घातला. ते झाकण तेव्हा उघडलं असतं तर जावयांचं तोंड जागेवर राहिलं नसतं. भावोजींनी त्यांच्या कानाखाली आवाज काढला. खाडकन. सासऱ्याने जावयाच्या!

"तू बाहेर हो," भावोजी म्हणाले. "तिला उचल आणि पार रस्त्यापलीकडे ने. मागे वळायचं नाही."

ते 'तू' ऐकून जावई एकदम हलले. आत धावत गेले. मी आणि ताई मागोमाग. छकुलीला त्यांनी पांघरुणासकट उचललं, ती झोपेतून दचकून बाबा बाबा करायला लागली. मी दारातून एकदा वळून बघितलं. सांगितलं होतं वळायचं नाही, पण मी कधी कुणाचं ऐकलंय? भावोजी बादलीमागून बादली टाकीवर ओतत होते. पाणी पडताच चरचरत होतं. मधेच वाकून ते कॉकमध्ये तार खुपसत होते. मी ओरडले, अहो, तुम्हीही या! सोडा ती टाकी! त्यांनी वर न बघता तळहात दाखवला. काय ते मला कळलं. आम्ही रस्ता गाठेपर्यंत त्यांना टाकी शांत ठेवायची होती.

आम्ही रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पायरीशी पोचलो. छकुलीला टेकवलं. शेजारपाजारची माणसं आमच्याकडे बघून बाहेर आली होती, त्यांना ताई हातवारे करून लांब जायला सांगत होती. मग ती एकाएकी वळली आणि घराकडे चालायला लागली. मी तिचा दंड धरला. सोड मला, म्हणाली, ते एकटे आहेत. मी सोडलं नाही. आम्ही दोघी तिथे भर रस्त्यात झोंबाझोंबी करत होतो, तेव्हा टाकी फुटली.

आवाजाचं काय सांगू? छातीत बसला. घरावर धुळीचा लोट उठला, कौलं सरसर खाली आली. आग मात्र लागली नाही. स्टोव्ह बंद होता.

ताई पुढे, मी मागे. मागच्या खोलीची भिंत सबंध आत पडली होती, खाटेवर. खाट दिसतच नव्हती, नुसत्या विटा, आणि विटांमधून उशीचं टोक. ताई ते टोक धरून तिथेच बसली. मी विटा तुडवत अंगणात गेले. भावोजी धुण्याच्या दगडामागे पालथे पडले होते. शेवटच्या क्षणी टाकीने त्यांना सांगितलं असणार, म्हणून त्यांनी दगडाआड उडी मारली. पाठीवर आणि हातावर कॉस्टिकचं पाणी उडालं होतं, कातडी सोलवटली होती, कानातून रक्त. पण श्वास चालू होता. शेजाऱ्यांनी त्यांच्या अंगावर पाणी ओतलं, ओततच राहिले, गाडी येईपर्यंत.

दवाखान्यात भावोजी एका खाटेवर आणि छकुली बायकांच्या खोलीत, पोटाला धक्का बसला नाही ना हे बघायला ठेवून घेतलेली. जावयांना दोन्हीकडे तोंड दाखवायची सोय नव्हती. ते जिन्याजवळ उभे असायचे. ताईने त्यांच्याशी बोलणं टाकलं. छकुली भिंतीकडे तोंड करून पडायची. आणि मी? मी त्यांना जिन्यातच वाटेल ते बोलले. अर्धवट म्हटलं, काळ म्हटलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मी विचारलं होतं हो मावशी, दोनदा विचारलं होतं, एवढंच म्हणाले. मला ते तेव्हा ऐकूनच घ्यायचं नव्हतं.

भावोजी शुद्धीवर आले ते ओरडतच. "बाळ? बाळ कसं आहे?" सगळा वॉर्ड दचकला. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. दोन्ही कानांचे पडदे फाटले होते, भरून येतील न येतील, सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ताईने हसून मान डोलावली, बाळ छान आहे म्हणून. मी डोलावली. नर्सने डोलावली. ते आमच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत राहिले. खोटं सांगताय, म्हणाले. माझ्या समाधानासाठी माना हलवताय. मग छकुलीला चाकाच्या खुर्चीत बसवून आणलं. तिने बापाचा हात आपल्या पोटावर ठेवला, पण हाताला जाड पट्टी, त्याला काय कळणार? भावोजींनी पट्टीची मूठ कानाकडे नेली, पुन्हा पोटाकडे, पुन्हा कानाकडे. ताईला उमगेना. मला उमगलं.

मी रिक्षा करून घरी गेले. पोलिसांनी दोरी बांधली होती, तिथल्या हवालदाराशी भांडून आत शिरले. लाटणं धुण्याच्या दगडाखाली सापडलं. एका टोकाचा टवका उडालेला, बाकी धड. नळाखाली धुतलं, पदराने पुसलं आणि घेऊन आले.

भावोजींनी एक टोक छकुलीच्या पोटावर ठेवलं आणि दुसऱ्यावर कान टेकला. कुणीही न सांगता सगळे गप्प झाले. आमची सवय. भावोजींचा चेहरा हळूहळू पडत गेला. काही येत नाही, ते पुटपुटले. कान सरकवला, डोकं तिरकं केलं, लाटणं कानाच्या छिद्रावरून मागे घसरलं, मागच्या हाडावर. ते तिथेच थांबले. श्वाससुद्धा धरला असावा. छकुलीने एकदम पोटाला हात लावला, लाथ मारली म्हणाली, आणि त्याच क्षणी भावोजींचे डोळे भरून आले. लाटण्यातून ती त्यांच्या हाडापर्यंत पोचली होती.

"चाललंय," ते म्हणाले.

ताई इतके दिवस रडली नव्हती, ती तेव्हा रडली. भावोजींची नजर मात्र दारापलीकडे, जिन्याकडे गेली. त्यांनी हाताने खूण केली. जावई आले, खाटेपासून लांबच उभे राहिले, गालाला नकळत हात गेला.

"जावईबापू," भावोजी त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "गोणी ओतायच्या आधी मला विचारलं होतंत का?"

जावयांनी हो म्हणून मान डोलावली.

"माझ्या कानात बोळा होता," भावोजी म्हणाले. "घरात कुणी बोलायचं नाही हा नियमही माझाच. आणि गोणी आणलीत तेव्हा बघून छान आहे म्हणालो, तोही मीच."

मग त्यांनी लाटणं जावयांपुढे धरलं. "या. ऐका. बोलू नका."

जावई खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसले. छकुलीने लाटण्याचं टोक स्वतःच्या हाताने पोटावर जिथे लाथ लागली होती तिथे नेऊन ठेवलं, आणि दुसरा हात त्यांच्या डोक्यावर. त्यांना काही ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही. त्यांचे खांदे एवढे हलत होते की लाटणं पोटावर ठरत नव्हतं. मला त्यांना खूप काही सांगायचं होतं, जिन्यात बोलले ते सगळं परत घ्यायचं होतं. पण भावोजींनी माझ्याकडे बघून तळहात दाखवला, म्हणून मी तोंड बंद ठेवून तिथेच उभी राहिले.